आधी तीस दिवसांची मेथी: कारागृहाच्या महिला विभागात भाजीबाग लावताना

अमरावतीला मध्यवर्ती कारागृह आहे, अकोल्याला जिल्हा कारागृह. दोन्हींत महिला विभाग वेगळा आहे. याच दोन शहरांत शेती शिकणारी शेकडो मुलंमुली आहेत. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत श्री शिवाजी संस्थेची कृषी आणि उद्यानविद्येची महाविद्यालयं आहेत, आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या जवळपास प्रत्येक महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा गट आहे. महिला विभागाच्या अंगणात भाजीबाग लावावी असं यांतल्या एखाद्या प्राध्यापिकेला किंवा विद्यार्थिनीला वाटत असेल, तर हा लेख तिच्यासाठी आहे.

कारागृहात शेती होणं ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं आणि शिक्षा झालेल्या माणसांच्या हाती जमीन दिली. पैठणचं खुलं कारागृह शेतीसाठीच ओळखलं जातं. अमरावती जिल्ह्यातच मोर्शीला खुलं कारागृह आहे, तिथेही शेती होते. येरवड्याला महिलांसाठी खुलं कारागृह आहे. पण खुल्या कारागृहात जातात ते शिक्षा लागलेले, वागणूक चांगली असलेले बंदी. आपण किती दिवस इथे आहोत हे त्यांना ठाऊक असतं. बंद कारागृहाच्या महिला विभागात चित्र वेगळं असतं. देशभरातल्या कारागृहांत दर चार बंद्यांमागे साधारण तीन न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते. आज पेरणारी बाई पुढच्या तारखेला जामिनावर सुटेल किंवा दोन वर्षं इथेच राहील, हे कोणीच सांगू शकत नाही.

या एका गोष्टीभोवती बागेची सगळी आखणी फिरली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आपण आखणी करतो विद्यार्थ्यांच्या सोयीने: सत्र कधी सुरू होतं, शिबिर कधी, अहवाल कधी द्यायचा. बाग मात्र बायांच्या वेळेला धरून उभी राहायला हवी. पेरणाऱ्या हाताला तोडणीही मिळावी, आणि विद्यार्थी परीक्षेला गेले तरी बाग चालू राहावी, या दोन कसोट्यांवर प्रत्येक निर्णय घासून पाहा.

सुरुवात अर्जापासून. कारागृह अधीक्षकांच्या नावे महाविद्यालयाच्या लेटरहेडवर प्रस्ताव द्या. तो दोन पानांपेक्षा मोठा नको. त्यात काय लिहायचं? जागा किती हवी, पाणी किती लागेल, कोणती अवजारं आत येतील, कोणत्या वारी किती वाजता किती जणी येतील, आणि काय आत आणणार नाही. शेवटचा मुद्दा अधिकाऱ्यांना सर्वांत जास्त दिलासा देतो, म्हणून तो ठळक लिहा. सोबत विद्यार्थिनींची यादी, ओळखपत्रांच्या प्रती, आधारच्या प्रती जोडा आणि पोलीस पडताळणीची तयारी दाखवा. परवानगी वरिष्ठ कार्यालयाकडून यायची असेल तर वेळ लागतो. जुलैमध्ये दिलेल्या अर्जाचं उत्तर सप्टेंबरमध्ये आलं तरी बिघडत नाही, कारण आपल्याला पेरायचं आहे तेच मुळी पावसाळा सरताना.

स्त्री आणि पुरुष बंद्यांना वेगळं ठेवण्याचा नियम १८९४ च्या तुरुंग कायद्यापासून चालत आलेला आहे. महिला विभागात विद्यार्थिनी आणि प्राध्यापिकाच जातील हे गृहीत धरा. मुलांनी हिरमुसण्याचं कारण नाही. रोपवाटिका तयार करणं, शेणखत चाळणं, पोती भरणं, माती-पाण्याची तपासणी करून आणणं, बियाण्याची पाकिटं बांधणं ही कामं बाहेरचीच आहेत आणि त्यांच्याशिवाय आत काहीच उगवणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचं नियमित काम असतं. हे तास त्यात सहज बसतात. कृषीच्या शेवटच्या वर्षाला 'रावे'खाली गावात जाऊन काम करावं लागतं, तिथे शिकलेलं इथेही कामी येईल. पण बागेचा गाडा एकाच वर्षाच्या तुकडीवर ठेवू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुली एकत्र घ्या, म्हणजे पुढच्या जुलैत कोणीतरी जुनी असते.

आत गेल्यावर कसं वागायचं हे पहिल्या बैठकीतच मुलींना सांगा. मोबाइल नाही, फोटो नाही, चिठ्ठी आत-बाहेर नाही, खाऊ नाही, पैसे नाहीत. कोणत्या गुन्ह्यात आलात हा प्रश्न नाही. बाईने स्वतःहून सांगितलं तर ऐकावं, बाहेर कोणाला सांगू नये, मैत्रिणीलाही नाही. एखादी ओळखीची निघाली, गावची निघाली, तर ती गोष्ट त्याच दिवशी प्राध्यापिकेला कळवावी. वयाने मोठ्या बाईला मावशी किंवा काकू, बरोबरीच्या बाईला ताई. नावाने एकेरी हाक मारू नये. मेळघाटातली कोरकू बाई असेल आणि तिला मराठी नीट येत नसेल, तर कोरकू येणारी विद्यार्थिनी धारणी-चिखलदऱ्याकडची महाविद्यालयात असतेच. तिला शोधा, ती गटात हवी.

आणि एक गोष्ट मुलींना मनापासून पटली पाहिजे. वऱ्हाडातल्या महिला विभागात निंदायला, वेचायला, खुरपायला गेलेल्या बाया भेटणारच. वाफा किती ओला आहे हे त्यांना मूठभर माती दाबून कळतं. आपण शिकवायला जात नाही आहोत. बियाणं, खत, तपासणी आणि परवानगी आपण आणतो, जाणकारी बरीचशी आतच असते. म्हणून पहिल्या दिवशी फळ्यावर आकृती काढण्याऐवजी अंगणात बसा आणि विचारा: तुमच्याकडे या महिन्यात काय पेरतात? काय खावंसं वाटतं? उत्तरात आंबाडी येईल, बरबटी येईल, सांबार, म्हणजे कोथिंबीर, तर येईलच. त्यातूनच यादी करा.

आता जागा. कारागृहाच्या अंगणाची माती बहुधा तुडवलेली, मुरुमाची, कुठे बांधकामाचा राडारोडा पुरलेली असते. खोल खणायला कुदळी-पहारी लागतात आणि त्या आत नेणं अवघड. त्यापेक्षा वरून माती टाकून गादीवाफे करा. वाफा तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब ठेवा, दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. उंची सहा इंच. काठाला विटा लावायचा मोह होईल, पण सुट्या विटा आणि दगड कारागृहात कोणाला नको असतात, तेव्हा मातीचाच उतार द्या. काळी भारी माती आणणार असाल तर तिच्यात तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, नाहीतर पावसात ती चिखल होऊन बसते आणि उन्हात भेगाळते. कच्चं शेणखत नको: त्यातून हुमणी आणि तणाचं बी येतं. खत चाळून पोत्यांत भरून न्या. फाटकावर झडती होणारच आहे, चाळलेलं खत हातात घेऊन पाहता येतं आणि सगळ्यांचा वेळ वाचतो.

पहिल्या हंगामात असे दहा वाफे पुरेत, म्हणजे तीनशे चौरस फूट. हिशेब आधीच करून ठेवा. मेथीचा एक वाफा साधारण दोन किलो भाजी देतो, म्हणजे पंधरा-वीस जणींचं एक वेळचं कालवण. या बागेवर कारागृहाचा भटारखाना चालणार नाही आणि तसं आश्वासन कोणाला देऊ नये. ताज्या पालेभाजीची आठवड्यातून एक-दोनदा भर पडेल, एवढंच प्रामाणिकपणे सांगा.

पाणी हा वऱ्हाडातला खरा प्रश्न आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. त्या पट्ट्यातलं भूगर्भातलं पाणी खारं आहे आणि ते सतत दिलं तर माती घट्ट होत जाते. म्हणून अंगणात बोअर असली तरी आधी पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत द्या. कृषी विद्यापीठात आणि कृषी विज्ञान केंद्रांत अशी तपासणी होते. विद्युत वाहकता दोन डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर घेवडा, गाजर, कांदा, मुळा रुसतात. पालक, बीट, चवळी बरीच तग धरतात. नळाचं पाणी, अकोल्यात काटेपूर्णा धरणाचं आणि अमरावतीत अप्पर वर्धाचं, गोडं असतं, पण ते माणसांना आधी लागतं. टंचाईच्या महिन्यात बाग पाण्यासाठी कोणाच्या अंघोळीशी स्पर्धा करू लागली तर बागेविषयी राग धरतील त्या बायाच. दहा वाफ्यांना हिवाळ्यात रोज दीडशे लिटर, म्हणजे दहा बादल्या लागतात. एप्रिल-मेमध्ये तेच अडीचशे-तीनशेवर जातं. हा आकडा प्रस्तावातच लिहा आणि उन्हाळ्यात वाफे निम्मे करायची तयारी ठेवा. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार दोन इंच पसरलं तर पाणी बरंच कमी लागतं. कुटार आपल्याकडे कोणत्याही गावात मिळतं.

धुण्याभांड्याचं सांडपाणी पालेभाजीला कधीही घालू नका.

पिकांची निवड करताना तारखांची गोष्ट डोक्यात ठेवा. मेथी पंचवीस-तीस दिवसांत निघते. पालकाची पहिली कापणी तीस-पस्तीस दिवसांत, मग दर पंधरा-वीस दिवसांनी तीन-चार वेळा. मुळा आणि सांबार चाळीस-पंचेचाळीस दिवस. भेंडीला पहिलं फळ दीड महिन्याच्या पुढे, गवारीला जवळपास दोन महिने, वांग्याला रोप लावल्यापासून तेवढेच किंवा जास्त. शेतीच्या पुस्तकात वांगं-टमाटे आधी येतात, कारण त्यांत उत्पन्न आहे. इथे मात्र पहिल्या फेरीत दहापैकी सात वाफे मेथी, पालक, मुळा, सांबार यांनाच द्या. एका जामिनाच्या अर्जापासून दुसऱ्या तारखेपर्यंतच्या काळात पेरलेलं ताटात आलं पाहिजे. पुढची फेरी तोडणीच्या दिवशीच पेरा. सगळे वाफे एकदम पेरले की एका आठवड्यात ढीग येतो आणि मग महिनाभर माती उघडी. दर आठवड्याला दोन वाफे पेरा.

उरलेले तीन वाफे लांबच्या पिकांना. शिक्षाधीन बायांचा मुक्काम मोठा असतो, वांगी, मिरची त्यांच्याकडे सोपवा. गोडलिंबाचं एक झाड लावून ठेवा, ते तर पुढच्या कितीतरी बायांना पुरेल.

सरळ वाण घ्या, संकरित नको. परभणी क्रांती भेंडी, पुसा नवबहार गवार, ऑल ग्रीन पालक ही नावं दुकानदाराला ठाऊक असतात. सरळ वाणाचं बी धरता येतं. दोन-तीन झाडं बियाण्यासाठी राखली, तर पुढल्या वर्षी बाहेरून बी येण्याची वाट पाहावी लागत नाही. महाबीजचं मुख्यालय अकोल्यातच आहे. महामंडळाला पत्र लिहून बियाण्याची मागणी करायला हरकत नाही.

महिन्यांचं गणित असं जमतं. जुलैत विद्यार्थी ठरतात आणि अर्ज जातो, ऑगस्टमध्ये बाहेर माती-खताची तयारी होते, परवानगी आली की वाफे होतात, सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरला की पहिली पेरणी. हिवाळी परीक्षा येईपर्यंत पहिली मेथी निघालेली असते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत अर्धे वाफे भेंडी, गवार, चवळीला द्या. ही पिकं ऊन सोसतात. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, मुलींच्या उन्हाळी परीक्षा असतात, पाणी कमी असतं. त्या दोन महिन्यांत पालेभाजीचा एखादाच वाफा, तोही बराकीच्या सावलीत किंवा हिरव्या जाळीखाली. बाकी भेंडी-गवार. या काळात बाग पूर्णपणे बायांच्या हाती असेल, म्हणून त्याची तयारी जानेवारीतच करा: कोण पाणी देणार, कोण तोडणार, वही कोण लिहिणार. लिहिता येणारी एक आणि शेती कळणारी एक अशी जोडी करा. जोडीतली एक सुटली की तिच्या जागी कोण, हेही ठरवून ठेवा.

कामाची वेळ सकाळची. दुपारी बराकी पुन्हा बंद होतात, नेमकी वेळ त्या कारागृहात विचारून घ्या आणि त्याच्या अर्धा तास आधी अवजारं परत झालेली असू द्या. प्रत्येक खुरप्यावर रंगाने क्रमांक टाका. किती दिली, किती आली, सही कोणाची, हे रोज लिहा. एक खुरपं सापडलं नाही तर पूर्ण विभागाची झडती होते आणि त्याचा त्रास निरपराध बाईला आधी होतो. विळा, कोयता, तार, काच, लांब दोरी नको. वेलांना मांडव करायचा विचार सोडा: दोरी लागते आणि पहाऱ्याची नजर अडते. कोहळं आणि काकडी जमिनीवर पसरू द्या. भिंतीजवळ काहीही लावू नका आणि कमरेच्या वर वाढणारं पीक विचारल्याशिवाय नको.

कीटकनाशकाबद्दल एकच नियम, आणि त्याला अपवाद नको: रासायनिक औषधाचा थेंबही आत जाणार नाही. कीटकनाशकाने काय केलं हे विदर्भाने घराघरांत पाहिलं आहे. यवतमाळात २०१७ साली फवारणीने शेतमजुरांचे जीव गेले आणि कर्जाने खचलेल्या कितीतरी घरांत तीच बाटली उघडली गेली. कारागृहात मन खचलेली माणसं असतात. सेंद्रिय म्हणून विकलं जाणारं सगळंही चालत नाही. दशपर्णी अर्कात कण्हेर, रुई, एरंड टाकतात, ही विषारी झाडं आहेत, त्यांचा पाला आत नेऊ नका. जीवामृत आपल्या भागात लोकप्रिय आहे. ते घरोघर पोचवणारे सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचेच. पण त्यात गूळ लागतो आणि मिश्रण आंबवावं लागतं, आणि कारागृहात गूळ व आंबवण या दोन्हींकडे संशयाने पाहिलं जातं, तेही सकारण. त्या वादात पडू नका. स्वयंपाकघरातल्या सालीदेठांचं गांडूळ खत अंगणात करा. मावा-तुडतुड्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. अर्ध्या किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून दहा लिटर करायची. हा अर्क महाविद्यालयात करून त्याच दिवशी आणा, वापरा, उरलेला परत न्या. वाफे लहान आहेत, अळ्या हातानेही वेचता येतात.

भाजी कोणाची, हा प्रश्न पेरणीआधी सोडवा. कारागृहाच्या जमिनीवरचं उत्पन्न सरकारी असतं आणि ते साठ्याच्या नोंदीत जातं. ते योग्यच आहे, पण महिला विभागात पिकलेली भाजी महिला विभागाच्याच ताटात जाईल हे अधीक्षकांकडून लेखी घ्या. तोडणी झाली, वजन झालं, वहीत नोंद झाली, सही झाली की भाजी स्वयंपाकघरात. आणखी एक मागणी आदराने पण नक्की करा. शिक्षाधीन बाईने बागेत काम केलं तर ते कामाच्या नोंदीत यावं, तिला वेतन मिळावं, शिक्षेतल्या माफीसाठी ते धरलं जावं. न्यायाधीन बाईला कामाची सक्ती करता येत नाही. ती आली तर तिच्या इच्छेने. एखादी नुसती वाफ्याशेजारी बसून राहिली तर तिला बसू द्या.

सहा वर्षांपर्यंतची मुलं आईसोबत कारागृहात राहू शकतात. विभागात अशी मुलं असतील तर एक अर्धा वाफा त्यांचा करा. मुळा लावा: चार-पाच दिवसांत उगवतो, उपटायला मजा येते. त्या वाफ्याला मोठ्यांनी हात लावायचा नाही. उन्हाळ्यात तो रिकामा पडू नये म्हणून चवळी टोका.

आणि सुटल्यानंतर? सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगात बाग सुरू करणाऱ्या कॅथरिन स्नीड यांना दिसलं की आत चांगलं काम करणारी माणसं बाहेर कामाविना राहतात आणि परत येतात. म्हणून १९९२ साली त्यांनी सुटलेल्यांसाठी बाहेर 'गार्डन प्रोजेक्ट' सुरू केला. एका महाविद्यालयाच्या गटाला एवढं झेपणार नाही. पण काही गोष्टी झेपतात. गावातल्या 'उमेद' अभियानाच्या बचत गटाचा पत्ता, जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा पत्ता (अमरावतीत घातखेड आणि दुर्गापूर, अकोल्यात सिसा उदेगाव) आणि परसबागेची माहिती एका कागदावर छापून अधीक्षकांकडे ठेवा. सुटकेच्या दिवशी बाईला हवा असेल तर तो कागद आणि बागेतल्या बियाण्याची पुडी तिच्या सामानासोबत मिळावी, अशी परवानगी आधीच मागून घ्या. तिच्याशी संपर्क ठेवायचा की नाही, हे तिने ठरवायचं. विद्यार्थिनींनी तिचा फोन क्रमांक मागू नये.

प्रमाणपत्र देणार असाल तर ते महाविद्यालयाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या नावाने द्या: भाजीपाला लागवड आणि गांडूळ खत, इतके तास, अमुक वर्ष. त्यावर कारागृहाचं नाव, शिक्का, पत्ता कुठेही येऊ देऊ नका. ती बाई रोपवाटिकेत काम मागायला जाईल तेव्हा ते तिला पुढे करता आलं पाहिजे.